विहिणीची बाटली

१२ जानेवारी. सकाळी कढईत तूप तापवलं आणि डिंक तळायला घेतला. बाळंतिणीच्या लाडवांची ही दुसरी खेप. पहिली खेप अजून अर्धा डबा शिल्लक होती. शिल्लक असताना दुसरी कशाला, असं घरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कारण तिथेच, जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगाशेजारी उभं होतं. पांढऱ्या प्लास्टिकची, निळ्या झाकणाची बाटली. आत मधाच्या रंगाच्या, खारकेच्या बीएवढ्या लांबुळक्या गोळ्या. लेसिथिन.

डिंक तळणं हे लक्ष देऊन करायचं काम आहे. एका वेळी मूठभरच टाकायचा, आच मध्यम ठेवायची, खडा लाहीसारखा फुलला की लगेच झाऱ्याने काढायचा. घाई केली तर बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग लाडू दाताला चिकटतो. माझ्या लाडवांत आजवर कच्चा खडा निघालेला नाही. हे मी अभिमानाने नाही, माहिती म्हणून सांगते.

मी मार्केट यार्डात सुक्या मेव्याच्या एका व्यापाऱ्याकडे बिलिंगचं काम बघते. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून दुकानात उतरणाऱ्या प्रत्येक पोत्यावर माझं लक्ष होतं. डिंक खडा खडा निवडून घेतला. खारीक सुरकुतलेली होती म्हणून परत पाठवली, दुसरी मागवली, तीही परत पाठवली. शेठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही गिऱ्हाईक झालात की आमचं दिवाळं वाजवाल." गोडंबी, खसखस, जायफळ, सगळं घरी येऊन पडलं होतं. शिवाय रजा साठवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, तीन महिने, हे डोहाळजेवणाच्या दिवशीच दोन्ही घरांत बोलणं झालं होतं. तीन महिने माझी मुलगी माझ्या घरात, माझ्या हातचं खाणार. लग्न झाल्यापासून ती आमच्याकडे विश्रांतवाडीला यायची ती पाहुणीसारखी, पर्स मांडीवर घेऊन बसायची. आता तीन महिने पर्स कपाटात राहणार होती.

डिसेंबर लागला आणि नात झाली. नात छान आहे. सगळ्यांच्या नाती छान असतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

बाळ दोन आठवड्यांचं झालं आणि मुलीच्या छातीत गाठ आली. दूध एका जागी अडकलं होतं. मी घाबरले नाही. माझ्या आईने माझ्या वेळी जे केलं तेच मी केलं. टॉवेल गरम पाण्यात बुडवून शेक दिला आणि मालिशवाल्या मावशींना सांगितलं, जरा जोर लावा. मावशींनी लावला. मुलगी ओरडली. मावशी म्हणाल्या, "ओरडू दे. दूध मोकळं व्हायला पाहिजे." मी तिचे खांदे धरून बसले. दोन दिवसांनी गाठ गेली. मी देवापुढे दिवा लावला आणि मनात म्हटलं, झालं, आपलं आपल्याला जमतंय.

आठवडा गेला नाही तोच दुसऱ्या बाजूला गाठ आली. ह्या खेपेला अंग तापलं, छाती लालबुंद झाली आणि बाळ जवळ घेतलं की मुलगी ओठ चावायची. डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, ताप उतरायला औषधं लिहून दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेक कोण देतंय?"

"मी."

"बंद करा. चोळणं तर अजिबात नको, त्याने सूज वाढते. थंड कपडा ठेवायचा, हलका हात, आणि बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं. एकदा झालंय म्हणजे पुन्हा होऊ शकतं."

मी मान हलवली. रिक्षात मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, त्यामुळे त्या बोलण्याचा तेव्हा फारसा राग आला नाही. राग दुसऱ्या दिवशी आला, पण तो डॉक्टरबाईंवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहतात, चौदाव्या मजल्यावर, नव्या संकुलात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि अजून आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असाच लावतात. आल्या, हातपाय धुतले, पर्समधून ती बाटली काढली आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, "हे घ्यायचं. जेवणाबरोबर. माझ्या लेकीलाही बंगळूरला अगदी असंच होत होतं, ह्याने थांबलं. मी तुमच्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारलंय. चालेल म्हणाल्या."

आमच्या डॉक्टरबाईंना. फोन करून. आदल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर उभी होते, पण विचारलं ह्यांनी.

मग त्यांनी आम्हाला लेसिथिन म्हणजे काय ते समजावलं. "तेल आणि पाणी एकत्र येत नाही, बरोबर? त्या दोघांना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लेसिथिन. सोयाबीनमध्ये असतं, सूर्यफुलाच्या बियांत असतं. दुधातली चरबी एका जागी चिकटून बसायची ती बसत नाही, असं म्हणतात." मुलगी आजारी असूनही नीट ऐकत होती. माझा नवराही ऐकत होता. तो माझं बोलणं इतकं नीट कधी ऐकत नाही.

मुलीने गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर गाठ आली नाही.

आता इथे हिशेबी माणसाने विचार करायला हवा. त्याच आठवड्यात शेक बंद झाला, चोळणं बंद झालं, थंड कपडा आला, औषधं पोटात गेली आणि बाळ जरा मोठं होऊन नीट ओढायला लागलं. पाचही गोष्टी एकदम. ह्यातल्या कुठल्या गोष्टीने गाठ थांबली हे कोण सांगणार? मी डॉक्टरबाईंना पुढच्या वेळी विचारलंच. त्या म्हणाल्या, "लेसिथिनवर पक्कं सांगावं इतका अभ्यास झालेला नाही. पण वारंवार गाठी येणाऱ्या काही बायकांना त्याने बरं वाटतं, आणि त्रास सहसा नसतो. पोट बिघडलं तर कमी करा." म्हणजे नक्की कुणाला माहीत नव्हतं. पण घरात सगळ्यांना माहीत होतं. जावई आले की म्हणायचे, "आईच्या गोळ्यांनी काम केलं." नवरा फोनवर आपल्या भावाला सांगायचा, "विहीणबाईंनी काहीतरी आणलं, एकदम गुण आला." थंड कपडा रात्रंदिवस मी बदलत होते. थंड कपड्याचं नाव कुणी घेतलं नाही.

नवऱ्याच्या बाबतीत मला आयुष्यात मत्सर करायची वेळ आली नाही. तो पोस्टात होता, घरी वेळेवर यायचा आणि बायकांशी फक्त पार्सलच्या वजनाबद्दल बोलायचा. त्यामुळे मत्सराची मला सवयच नाही. माझ्या वाट्याला सवत आली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही प्लास्टिकची.

रोज संध्याकाळी मांजरीहून व्हिडिओ कॉल यायचा. "गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या, अहो आई."

फोन बंद झाला की मी विचारायची, "लाडू खाल्लास?"

"नंतर खाते गं."

सासूला 'अहो आई', मला 'गं'. हे नेहमीचंच आहे, सगळ्याच घरांत असं असतं, आणि आजवर मला त्या 'गं'चंच कौतुक होतं. त्या महिन्यात पहिल्यांदा लक्षात आलं की 'अहो'ला ती लगेच हो म्हणते आणि 'गं'ला नंतर.

लाडू तसेच राहायला लागले. जावई शनिवारी येऊन दोन खायचे, "आई, मस्त" म्हणायचे. नवरा येता-जाता एक उचलायचा. बाळंतिणीसाठी केलेल्या लाडवांवर दोन पुरुष गुटगुटीत होत होते. मुलगी मात्र बाटलीचं झाकण उघडायला कधी विसरली नाही. गोळ्या तोंडात टाकायची, मान मागे करून पाणी प्यायची, आणि बाटली पुन्हा जगाशेजारी, भिंतीला टेकवून ठेवायची. मी टेबल पुसताना ती हलवली की परत येऊन तशीच लावायची. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालासुद्धा इतकं नेमाने कुणी जागेवर बसवत नाही.

"त्या बाटलीकडे असं बघत जाऊ नकोस," नवरा पेपरमधून मान वर न काढता म्हणाला. "दूध नासेल."

"तुम्ही लाडू खा."

"खातोय. कुणीतरी खायला हवेत."

मी वाचायला बसले. दोष शोधायचा म्हणून वाचायला बसलं की माणूस फार लवकर शिकतं. बाटलीच्या दर्शनी बाजूवर लिहिलं होतं की हे मेंदूला चांगलं, स्मरणशक्तीला चांगलं, यकृताला चांगलं, कोलेस्टेरॉलला चांगलं. इतकं सगळं एका गोळीने होत असेल तर बाकीचं औषधाचं दुकान कशाला उघडतात ते कळेना. मग कळलं की लेसिथिन बिस्किटांत घालतात, चॉकलेटात घालतात, आइस्क्रीममध्ये घालतात. हे कळल्यावर मला दोन दिवस फार बरं वाटलं.

"अगं, हे बिस्किटात असतं," मी मुलीला सांगितलं.

"मग?"

"मग काही नाही. सांगितलं."

पोट बिघडू शकतं, मळमळू शकतं, असंही वाचलं होतं. त्यामुळे मी रोज सकाळी विचारायला लागले, "पोट बरं आहे ना?" चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, एकदम उत्तम आहे. तुला वाईट वाटतंय का?"

मला वाटत होतं, पण मी भाजी निवडत राहिले.

आणि मग, आठवड्यापूर्वी, ती खूण सापडली. टेबल पुसताना बाटली उचलली, हात ओला होता म्हणून घट्ट धरली आणि फिरली. जी बाजू कायम भिंतीकडे असायची ती माझ्याकडे आली. तिथे एक स्टिकर होतं आणि स्टिकरच्या कोपऱ्यात चौकोनातला तपकिरी त्रिकोण. मांसाहारी. मी चष्मा आणला. लेसिथिन सोयाबीनचंच होतं, पण वरचं कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीहाडांतून काढलेलं.

आमच्या घरात अंडं येत नाही. पण आम्ही साधी माणसं, बाहेरच्या केकमध्ये काय असेल ते असेल म्हणून खातो. विहीणबाईंचं तसं नाही. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी केकवाल्याला अंड्याबद्दल मालकापर्यंत जाऊन विचारलं होतं, आणि तरी कापायला सुरी घरून आणली होती. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा पनीरपराठ्यावर किसलेलं चीज बघून म्हणाल्या होत्या, "ह्यात रेनेट तर नाही ना?" चीज विरजायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट घालतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि पराठा बदलून दिला.

त्याच बाई माझ्या मुलीला रोज जिलेटिन खायला घालत होत्या. आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी बाटली होती तशी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. मुलीला सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण गोळ्या बंद केल्या आणि गाठ परत आली तर? हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की इतकी चांगली गोष्ट सकाळच्या चहाबरोबर वाया घालवायची नसते. विहीणबाई संक्रांतीचं घेऊन बारा तारखेला येणार होत्या. मी बारा तारखेची वाट बघितली. आठवडाभर मला शांत झोप लागली, बाळ रडून उठवायचं तेवढं सोडून.

तर १२ जानेवारी. डिंक तळून झाला होता, खारकेची पूड, खोबरं, गूळ सगळं परातीत एकत्र केलं होतं आणि लाडू वळायला घेणार तेवढ्यात बेल वाजली.

विहीणबाई आल्या. बाळासाठी काळं झबलं, त्यावर पांढरे ठिपके, हलव्याचा इवलासा मुकुट, बाजूबंद, हार. सगळं घरी केलेलं. हलव्याला काटा इतका छान आलेला की मी नाव ठेवायला जागा शोधत होते आणि सापडत नव्हती. त्यांनी बाळाला घेतलं, बाळ हसलं. सहा आठवड्यांचं बाळ कुणाकडेही बघून हसतं, हे मला माहीत आहे.

नवऱ्याने चहा ठेवला. मुलगी बाळाला पाजायला आत गेली. विहीणबाई जरा पुढे सरकून बसल्या.

"विहीणबाई, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा की."

"संक्रांत झाली की रथसप्तमीच्या आत ह्या दोघींना घेऊन जावं म्हणते."

माझ्या हाताला गूळ लागलेला होता. मी तो पदराला पुसला, जे मी कधी करत नाही. "तीन महिन्यांचं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. पण तुम्हालाही नोकरी. किती दिवस ओढाल?"

"माझी रजा माझ्याकडे आहे."

"तसं नव्हे हो. आधी गाठींची भीती होती म्हणून मी बोलले नाही. आता ती नाही. गोळ्या लागू पडल्यात. आणि पुन्हा काही झालंच, तर मी आहे तिकडे."

मी आहे तिकडे. म्हणजे मी इकडे होते तेव्हा कुणीच नव्हतं. नवरा चहाचे कप घेऊन आला, माझं तोंड बघितलं, कप ठेवले आणि गच्चीतल्या झाडांना पाणी घालायला निघून गेला. झाडांना पाणी त्याने सकाळीच घातलं होतं.

मी उठले. टेबलावरची बाटली उचलली. "जरा आत येता? लाडू वळायचे राहिलेत. तिथेच बोलू."

स्वयंपाकघरात मी बाटली परातीशेजारी ओट्यावर ठेवली, स्टिकर त्यांच्याकडे करून. "ही खूण बघितलीत तुम्ही?"

आठवडाभर मी हा प्रसंग मनात इतक्या वेळा बघितला होता की पुढचं सगळं मला पाठ होतं. त्या चष्मा शोधणार, वाचणार, त्यांचा तो मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज बसणार, खुर्ची मागणार. मी खुर्ची आधीच सरकवून ठेवली होती.

त्यांनी चष्मा काढला नाही. बाटलीकडे वाकूनही बघितलं नाही.

"बघितली," त्या म्हणाल्या. "घेतानाच."

मी एक लाडू वळायला घेतला.

"हिरव्या खुणेची दुकानात नव्हती. मागवली तर आठवड्याने येणार होती." त्या आता हळू बोलत होत्या, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावं तसं. "इकडे पोरीला ताप. मी त्या दुकानात उभी राहिले, बाटली परत ठेवली, पुन्हा उचलली. तो माणूस म्हणाला, आजी, घ्यायची आहे का नक्की? मग घेतली. पर्समध्ये टाकली तर पर्ससुद्धा जड वाटायला लागली हो. घरी मुलाला बोलले नाही. सुनेला सांगितलं असतं तर तिने घेतली नसती, ती अंडंसुद्धा खात नाही. तुम्हाला तरी कुठल्या तोंडाने सांगू? चीजवरून एवढं बोललेली बाई मी." त्यांनी खुर्ची बघितली आणि बसल्या. "जे काय पाप असेल ते माझ्या नावावर. तुम्हाला बोलायचं तर बोला."

मला बोलायचं होतं. त्यासाठीच तर आठवडाभर थांबले होते. पण आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या बाईने साखरपुड्याला सुरी घरून आणली, तिने माझ्या मुलीच्या तापासाठी जन्मभराचा नेम पर्समध्ये टाकून विश्रांतवाडीपर्यंत आणला होता. आणि मी? माझ्या हातातला गरम टॉवेल डॉक्टरबाईंना काढून घ्यावा लागला होता. बाटलीचा हेवा एक वेळ परवडला, बाटली संपते. आता मला बाईचाच हेवा वाटायला लागला, आणि तो कुठे संपणार ते दिसेना.

"तरी तिला सांगायला हवं," मी म्हटलं. "खाते ती. तिचं तिला ठरवू दे."

"हो. तुम्ही सांगा."

"मी का? बाटली तुमची."

"मुलगी तुमची."

हे असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. दारात मुलगी उभी होती, खांद्यावर बाळ, पाण्याचा पेला घ्यायला आलेली. तिने ओट्यावरची बाटली बघितली, सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सापडला का त्रिकोण? दोघींना?"

विहीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"मी पहिल्या दिवशीच वाचलं. मी दिवसभर कंप्युटरवर लोकांच्या चुका शोधते, मला एक डबी वाचता येणार नाही? म्हटलं, तुम्हाला कळलं तर घरात सोवळंओवळं सुरू होईल, म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवत होते." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रोज टेबल पुसताना ती हलवत होतीस."

"अगं, पण तू अंडंसुद्धा..." विहीणबाई म्हणाल्या.

"अहो आई, अंगात ताप आणि छातीत दगड होता. तेव्हा कुणी शेण दिलं असतं तरी गिळलं असतं. आता बरी आहे, आता हिरव्या खुणेच्या बघू."

"मी मागवते," विहीणबाई लगेच म्हणाल्या.

मी लाडू थाळीत ठेवला. तो जरा वाकडा वळला होता. "तुझ्या सासूबाई तुला रथसप्तमीच्या आत न्यायचं म्हणतायत," मी मुलीला म्हटलं. "तुला काय वाटतं? त्यांच्यासमोरच सांग."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं, ही आता म्हणणार, तीन महिने म्हणजे तीन महिने. तिच्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं, 'अहो'च्या देखत.

"जायचंय मला, आई," ती म्हणाली. "मी तुझ्याशी बोलणारच होते. गोळ्यांसाठी नाही गं. गोळ्या काय, इथेही आहेत. तुझ्या जावयाला बाळ फक्त शनिवारी-रविवारी दिसतं. परवा त्याच्याकडे दिलं तर नुसतं रडत राहिलं. ओळखच नाही. तो काही बोलला नाही, खाली गाडीत जाऊन बसला बराच वेळ. मला ते नाही बघवत." बाळाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आणि मलाही करमत नाही तिकडच्याशिवाय. आता तेच घर झालंय ना."

गोळ्यांसाठी नाही, असं ती म्हणाली तेव्हा मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांचाही चेहरा जरा उतरला होता. लाडवांसाठी थांबत नव्हती आणि गोळ्यांसाठी जात नव्हती. आम्ही दोघी सहा आठवडे जिच्यासाठी एकमेकींना मापत होतो ती आपल्या नवऱ्याकडे चालली होती. त्याबद्दल कुणाला नावं ठेवणार? मीही माझ्या बाळंतपणात सव्वा महिन्यात परत निघाले होते, आणि आई दारात पाठ फिरवून उभी राहिली होती. तेव्हा मला वाटलं होतं, तिला कामं असतील.

"बरं," मी म्हटलं. "ठीक आहे."

विहीणबाईंना एक लाडू दिला. त्यांनी आधी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, मग खाल्ला, सावकाश, दाताखाली तपासत.

"डिंक छान फुललाय," त्या म्हणाल्या. "माझा आत कच्चा राहतो."

"आच जास्त होत असेल."

"असेल."

ती एवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या बाजूला पडली. मी ती ठेवून घेतली. कशी तळायची ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी उठून बाजरीचं पीठ काढून ठेवलं, भाजीला वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे निवडून ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं, बाळ उठलं तर मुलीला हाक मारा, मी येते. आळंदी रस्त्यावर एक दुकान आहे, जिमची मुलं जिथून डबेच्या डबे पावडर नेतात. ते उघडेपर्यंत मी बाहेर थांबले. मालकाचे दंड माझ्या कमरेएवढे. त्याने मला बघून आधी गल्ल्यातली सुट्टी नाणी काढली. बहुतेक वर्गणी वाटली असावी.

"लेसिथिन आहे? सूर्यफुलाचं. हिरवी खूण हवी."

तो थांबला. "आहे ना काकू. कोणासाठी?"

"बाळंतिणीसाठी."

त्याने बाटली काढली. मी खूण बघितली, कवच कशाचं ते वाचलं, तारीख वाचली, मग फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहिले. आलं, "चालेल. आधी घेत होती तेवढंच." मग विहीणबाईंना फोन केला.

"मागवू नका. आणली मी."

"एवढ्या सकाळी?"

"हो."

मग त्या म्हणाल्या, "बरं."

"काकू, ह्यात छोटी पण येते," दुकानदार म्हणाला. "आधी छोटी नेऊन बघा."

"छोटी त्यांनी आणली होती," मी म्हटलं. "मोठी द्या."

घरी आले. बाटली टेबलावर ठेवली, हिरवी खूण खोलीकडे करून, आणि भोगीची भाजी फोडणीला टाकली.